एकतीस आणि सोळा

— त्या टोकाला नको, तिथं बाक हलतं. इकडं सरका. पिशवी खाली ठेवा, फरशी स्वच्छ आहे, आत्ताच उभं राहून पुसून घेतली मी. कालपासून इथं आहे, तेवढ्यात सगळ्यांना वळण लावलं. तो दारावरचा वॉचमन बघा — काल दार सताड उघडं टाकून फोनवर बोलत होता, आज कसा सरळ उभा आहे. माणसाला सांगणारं कुणीतरी लागतं. मास्क नाकावर घ्या. हनुवटीला मास्क कशाला, हनुवटीला फ्लू होत नाही. — आई ना तुमची? मघाशी स्ट्रेचरवरून नेली ती? हं. श्वास वरवरचा होता. बघितलं मी. मला कळतं. अडतीस वर्षं बॉयलर सांभाळला आहे, मोठी लाँड्री होती, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी, रोज चार-चार हजार — सगळी वाफ माझ्या हातची. आतून कोणता आवाज कसा येतो ते मला शिकवावं लागत नाही. इथल्या चादरी बघितल्यात? पिवळ्या. पाणी पुरेसं तापवत नाहीत. सांगितलं मी सिस्टरला. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही बसा. बसलो.

तो तपासणीचा कागद घडी करू नका. आकड्यावर घडी पडली की नंतर वाचता येत नाही. दाखवा. — एकोणतीस. नाकातला आहे का घशातला? नाकातला. आणि कोण म्हणालं घाबरायचं कारण नाही म्हणून? तुमचा मेहुणा. काय करतो मेहुणा? विमा विकतो. मग बरोबर आहे. ऐका, नाकातल्या आकड्यावर जाऊ नका. धुराड्याच्या तोंडाशी उभं राहून भट्टीत काय चाललंय ते कळत नाही. हे माझं नाही, इथल्या डॉक्टरबाईंचं आहे — म्हणजे धुराडं माझं, बाकी त्यांचं. त्या म्हणाल्या, नाकात विषाणू थोडाच सापडतो आणि खाली फुप्फुसात खच्चून भरलेला असतो, असं होतं. खाली किती आहे आणि किती दिवस ठाण मांडून बसलाय, त्यावर आजार हलका का भारी ते बरंचसं ठरतं. मग त्याच्याशी भांडताना आपलंच अंग आपली फुप्फुसं सुजवून ठेवतं, ते वेगळं. बाई लहान आहेत, माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण नीट सांगतात. एकदाच सांगतात. मला एकदाच पुरतं.

आमची ही आहे आत. तिसरी खाट, खिडकीजवळची. खिडकीजवळची मीच मागून घेतली. — पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. नाही, कधी दवाखान्यात नाही. बाळंतपणाला आली असेल तेवढीच. आजारी पडायची सवयच नाही तिला. सवय मला आहे — म्हणजे माझी प्रकृती नाजूक नाही, पण मला ताप आला की तो ताप असतो. तिचं काय, कणकण आली तरी पोछा हातात. त्यामुळं कळत नाही ना माणसाला. तुम्हीच सांगा, जी बाई ताप असताना भांडी घासते तिला किती ताप आहे हे समोरच्यानं कसं ओळखायचं?

गेल्या शुक्रवारी दोघंही गेलो तपासायला. दोघांनाही एकाच दिवशी ताप, अंग मोडून आलेलं. नाक्यावरचा डॉक्टर तरुण आहे, नाकात काडी घालतो, संध्याकाळी कागद देतो. कागद मी आणले. माझा आकडा एकतीस. हिचा सोळा. आता मला सांगा, एकतीस आणि सोळा. मी चौथी शिकलो आहे, पण एकतीस म्हणजे सोळाच्या जवळजवळ दुप्पट, हे सांगायला पाचवी लागत नाही. बॉयलरवर काय असतं, काटा असतो. लाल रेघेच्या खाली काटा — शांत बसा, चहा प्या. वर गेला — पळा. अडतीस वर्षांत एकदाही काटा चुकीचा वाचला नाही मी. मॅनेजर बदलले पाच, इंजिनियर आले नि गेले, डिग्र्या भिंतीला टांगून बसायचे, आणि काटा हलला की मला बोलवायचे.

तर मी घरी आलो आणि हिला सांगितलं. म्हटलं, तुला थोडा आहे, मला जास्त आहे. ती म्हणाली, मग तुम्ही पडा. पडलो. ती म्हणाली — म्हणजे म्हणायला लागली होती — कागदाच्या खाली बारीक अक्षरांत काहीतरी छापलंय, चष्मा घालून बघते. मी म्हटलं, राहू दे, आकडे मला कळतात. आणि कागद उशाखाली ठेवला. ती सातवी पास आहे. घरात शिकलेली ती. बाहेर कधी सांगत नाही मी, तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही परत भेटणार नाही.

मग शनिवार, रविवार, सोमवार. आजारी होतो मी. खोटं कशाला, होतोच. पायात गोळे, डोकं दुखतंय, खोकला. पण आता आकडा एकतीस म्हटल्यावर आकड्यासारखंच वागायला लागतं माणसाला. शेजारी यायचे, दारातून विचारायचे, मी आतूनच सांगायचो — एकतीस. ते चेहरा पाडायचे. समोरच्या घरात निवृत्त पोस्टमास्तर आहे, त्यालाही तेच झालं होतं, त्याचा बावीस. बावीसवर त्यानं सगळ्या गल्लीत आजारपण मिरवलं. मी निरोप पाठवला, बावीस म्हणजे काही नव्हे, चालत जा फिरायला. गेला बिचारा. परत आला तो डॉक्टरकडूनच आला, तो भाग वेगळा. — हसा. मीही हसलो असतो.

हिचं काम चालू. पाणी तापवून दे, दूध दे, पाठीला शेक दे, खिडकी लाव, खिडकी उघड. मध्ये मध्ये भिंतीला धरून उभी राहायची. मी विचारलं, काय गं. म्हणाली, काही नाही, दम लागला. मी म्हटलं, सोळावर दम लागत नाही. — हो. असंच म्हटलं. शब्द न् शब्द तोच.

औषध? औषध होतं की. आता फ्लूवरही गोळ्या निघाल्यात. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस, पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्या तर खरा उपयोग. विषाणूला वाढू देत नाहीत, म्हणजे फुप्फुसात उतरला असला तरी भर पडत नाही. डॉक्टरनं दोघांना लिहून दिल्या होत्या. वेळेवर सुरू केल्या. शुक्रवारीच संध्याकाळी. काल सकाळी दहावी गोळी संपली. कोर्स पूर्ण करायचा असतो, मध्ये सोडायचा नसतो, लोक सोडतात, मी सोडला नाही.

— हिनं? हिनं पण. हो. फॉर्मवर लिहिलंय तसं. काल दुपारी हिला इथं आणली, ओठ निळे पडले होते, तेव्हा फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं, गोळ्या कधी सुरू केल्या. मी म्हटलं, शुक्रवारी. तिनं विचारलं, पुरावा आहे का, पाकीट वगैरे. मी खिशातून पाकीट काढून दाखवलं, रिकामं. तिनं लिहिलं, कोर्स पूर्ण. मग आत नेलं, बेशुद्ध नव्हती, माझ्याकडे बघत होती. घशातून नळी घालून फुप्फुसातलं पाणी काढलं आणि ते तपासायला पाठवलं.

आज सकाळी आठला आकडा आला. बारा. आता बघा हं, सोळाचा बारा. मी काय समजणार? मला एवढा आनंद झाला — वॉचमनला सांगितलं, सिस्टरला सांगितलं, त्या पलीकडच्या बाकावर एक बाई रडत होती तिला सांगितलं, की धीर धरा, आमचा बघा सोळावरून बारावर आला. थोरल्याला फोन केला, तो दुसऱ्या गावाहून निघालाय, संध्याकाळी पोचेल, त्याला म्हटलं घाई करू नकोस, वाटेत जेवून घे. थोरला म्हणाला, बाबा, नक्की ना? मी म्हटलं, आकडा आहे माझ्या हातात.

मग दहाला डॉक्टरबाई आल्या. तोंड उतरलेलं. मी त्यांना समजवायला गेलो, म्हटलं बाई, बारा आलाय. त्या म्हणाल्या, आजोबा, बसा. आणि खाली बसून, बाकावर नाही, इथं, उकिडव्या, माझ्यासमोर बसून त्यांनी सांगितलं. यंत्राला विषाणू नुसता दिसत नाही. ते त्याच्या नकला काढतं. एका फेरीत एकाचे दोन. दुसरीत दोनाचे चार. दिसेपर्यंत फेऱ्या मारतं. आकडा म्हणजे किती फेऱ्या माराव्या लागल्या तो. ज्याच्यात भरपूर आहे तो थोड्या फेऱ्यांत सापडतो. ज्याच्यात चिमूटभर, त्याला शोधत फिरावं लागतं, तीस फेऱ्या, एकतीस फेऱ्या. चादर जास्त मळलेली असली की पहिल्याच पाण्याला पाणी काळं होतं, तसं — हे मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. पहिल्यांदाच कुणीतरी मला अगदी बरोबर म्हटलं आणि मी खिशातून माझा कागद काढला.

हे बघा. माझ्या कागदाच्या पाठीमागे. पेन्सिल सिस्टरकडून घेतली. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस — असं खाली या. पंधरा वेळा. एकतीस उणे सोळा, पंधरा. शेवटी हे. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. तीनदा केलं, तीनदा तेच आलं. म्हणजे शुक्रवारी माझ्या नाकात एक होता तेव्हा हिच्या नाकात बत्तीस हजार सातशे अडुसष्ट होते. आणि मी तिला म्हटलं, तुला थोडा आहे. आतला बारा धरून पण केलं, पाच लाखांच्या वर जातं. बाई म्हणाल्या होत्या, नाकाचं आणि फुप्फुसाचं असं एकमेकांशी लावू नका, काडी वेगळी, नळी वेगळी. मी लावलं. मला थांबता येईना.

दोन असतात काटे. मघाशी मी तुम्हाला एकच सांगितला. बॉयलरवर दोन असतात — एक वाफेचा, तो वर गेला की धोका. दुसरी काचेची नळी, पाण्याची. ती खाली गेली की धोका. आणि माणसं मरतात ती बहुतेक दुसऱ्यानं. पाणी कमी झालं, पत्रा लाल झाला, की फुटतो बॉयलर. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच विचारायचो, हा काटा कोणता ते आधी सांग, मग आकडा सांग. ज्यानं आधी आकडा सांगितला त्याला परत पाठवला. चौदा जण परत पाठवले असे. आणि शुक्रवारी माझ्या हातात कागद आला तेव्हा मी आधी आकडा सांगितला.

— काय बघताय? — नाही, ते पाकीट. हो, एकच. खिशात एकच होतं. दुसरं घरी — दुसरं दुकानात. दुकानदाराकडे शुक्रवारी एकच शिल्लक होतं ना. साथ आलीय, सगळीकडे तीच रड. तो म्हणाला, काका, एक आज न्या, दुसरं दोन दिवसांनी येईल, ज्याला जास्त आहे त्यानं आज सुरू करा. कुणाला जास्त आहे? मी म्हटलं, मला. कागद दाखवू का? तो म्हणाला, नको, तुम्ही म्हणता म्हणजे असेल. माझ्यावर विश्वास सगळ्यांचा, तीच तर — हिला सांगितलं, ती म्हणाली, तुम्हीच घ्या हो, मला काय झालंय. सोमवारी दुकानदाराचा फोन आला, दुसरं पाकीट आलंय. आता कोण जाणार? मी तर एकतीसवाला, अंथरुणावर. ती म्हणाली, उद्या जाते. मंगळवारी अंगात त्राण नव्हतं तिच्या. पुन्हा म्हणाली, उद्या. पाकीट अजून तिथंच असेल, काचेच्या कपाटात, नाव घालून.

आणि फॉर्मवर — काय सांगणार होतो मी त्या मुलीला? बायकोचे ओठ निळे आहेत, माझे लाल आहेत, आणि गोळ्या मी खाल्ल्या? वयानं नातीएवढी मुलगी ती. पेन धरून बसलेली. मागं रांग. मी म्हटलं शुक्रवारी. तोंडातून गेलं. मग पाकीट मागितलं तर पाकीट होतंच. मला वाटलं काय फरक पडतो, इथं आणलीय, इथं यांच्याजवळ सगळं असतं, हे करतील.

फरक पडतो. सकाळी बाई तेच म्हणत होत्या, मला नाही, दुसऱ्या डॉक्टरला, पण माझ्या कानावर आलं. पाच दिवस गोळ्या पूर्ण होऊनही फुप्फुसात एवढा कसा? म्हणाल्या, हा विषाणू या औषधाला दाद देत नसणार. तेच पुन्हा देऊन उपयोग नाही. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू, चार दिवस लागतील. तोवर दुसरं इंजेक्शन मागवू, ते इथं नाही, आणि त्यानं हिच्या किडनीचं काय होईल तेही बघायला लागेल. सगळी शहाणी माणसं, डोकी एकत्र करून विचार करताहेत, सकाळपासून, माझ्या एका पाकिटावर. आणि साधी गोळी शेजारच्या खोलीतल्या कपाटात आहे. मी बघितली. सिस्टर दुसऱ्याला देत होती.

— सांगतो की. सांगणार आहे. तुम्ही मला शिकवू नका. चारला राउंड असतो, तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. नाही, दहालाच सांगता आलं असतं, बरोबर आहे, बाई समोरच बसल्या होत्या. पण त्यांनी अगदी बरोबर म्हटलं होतं ना मला. आणि दुपारी एकदा आत गेल्या, एकदा बाहेर आल्या, त्याही वेळी सांगता आलं असतं. थोरला संध्याकाळी येईल. तो विचारणार, आईला गोळी कधी दिली. तो मोजून विचारतो, माझ्यावर गेलाय. पाच तास झाले मी हे गणित करतोय, कागद भरला, मागची बाजू भरली. किती वेळा दुप्पट केलं तरी उत्तर तेच येतं, की मी इथं बसलोय आणि ती आत आहे.

तुम्ही असे बघू नका. तुमच्या आईच्या फॉर्मवर काय लिहिलंत तुम्ही, सगळं खरं? — लिहिलंत. बरं आहे. शिकलेले दिसता.

आल्या. त्या बघा, पांढऱ्या डगल्यातल्या, हातात फाईल. बरोबर तो उंच डॉक्टर. नमुन्याची पेटी घेऊन माणूस मागे उभा आहे, पाठवायला निघालाय. — सोडा हात. उठता येतं मला. काठी नको.

डॉक्टरबाई. थांबा जरा. नाही, बसून नाही, उभ्यानंच सांगतो. तिसऱ्या खाटेचं. फॉर्मवर मी खोटं लिहायला लावलं. ते पाकीट माझं होतं. दहाच्या दहा गोळ्या मी खाल्ल्या. तिनं एकही नाही घेतली. — हो. एकही नाही. — कुणाच्या सांगण्यावरून नाही. माझ्या.

...

गेल्या. पळत गेल्या. एवढी शिकलेली बाई, फाईल त्या माणसाच्या हातात टाकून पळाली. मला बोलायला हवी होती. दोन तरी द्यायला हव्या होत्या तोंडात.

दार बंद झालं. तुम्ही काय थांबलाय इथं? उठा. तुमची आई आत आहे, तिकडं जाऊन उभे राहा. हे बाक माझं आहे.